ओला माल, ब्याण्णव किलो

लोक फिरायला काश्मीरला जातात, केरळला जातात. मी यवतमाळ जिल्ह्यात मार खायला गेलो, तोही स्वखुशीनं. परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "तिकडं बघण्यासारखं काय आहे रे?" प्रत्येकाला वेगवेगळं सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून टाकतो. वाचा आणि मला पुन्हा विचारू नका.

मी कोल्हापूरचा. आमच्या घरात तीन पिढ्या लाल मातीत घोळलेल्या. मी एकटाच कुस्ती सोडून बॉक्सिंगकडं वळलो, म्हणून वडील अजूनही पाहुण्यांना माझी ओळख करून देताना "हा धाकटा, ह्याचं जरा हे आहे" असं म्हणतात. वजनदार गटात बरा खेळायचो. मग कुणीतरी डोक्यात भरवलं की हौशी बॉक्सिंगमध्ये काय ठेवलंय, धंदेवाईक हो. झालो. दिल्लीकडच्या एका हॉटेलात, लग्नाच्या हॉलमध्ये, झुंबराखाली तीन लढती खेळलो. एक जिंकलो, दोन हरलो, आणि चौथीच्या वेळी आयोजकच पळाला.

तेव्हा अक्कल आली आणि परत हौशीत यायचं ठरवलं. हल्ली तसं येता येतं. राज्याच्या शिबिराचे मास्तर म्हणाले, "घेतो तुला. पण आधी कुठल्यातरी खुल्या स्पर्धेत एक लढत पुरी खेळून दाखव. तू अजून हलतोस का, ते तरी कळू दे." चौकशी केली तर वजनदार गटात जागा असलेली एकच स्पर्धा निघाली, वणीची. तिथं एवढ्या मोठ्या गटात फक्त एकाच खेळाडूचं नाव कसं, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही.

वणी

वर्ध्याला रेल्वे सोडली आणि एसटीनं वणीला उतरलो. अंगात पांढराशुभ्र ट्रॅकसूट. कोळशाच्या खाणींचं गाव, रस्त्यावर ट्रकमागून ट्रक. स्टँडच्या बाहेर पडेपर्यंत ट्रकांनी माझा रंग बदलून टाकला. आमच्याकडं उसाच्या गाड्या जातात, त्यातून पोरं ऊस तरी ओढून खातात. ह्या ट्रकांमधून काय ओढणार?

समोर एक भलामोठा माणूस हात जोडून उभा होता.

"तुमीच ना कोल्हापूरचे? ब्याण्णवच्या वरचे?"

हो म्हणेपर्यंत त्यानं माझी बॅग काढून घेतली. मला वाटलं, काय हे अगत्य! नंतर कळलं की बॅग आपल्या हातात असली की माणूस परतीच्या गाडीत बसत नाही, हे तो अनुभवानं शिकला होता.

हा गजू. माझा प्रतिस्पर्धी. जिल्ह्याचा वजनदार गटाचा चॅम्पियन, दर वर्षीचा. आणि आजवर एकही लढत न खेळलेला. आधी माझा विश्वास बसेना.

"काय करू भाऊ, जिल्ह्यात माह्या वजनाचा दुसरा पोट्टाच नाई," तो म्हणाला. "बाहेरून कोणी येते, मले पायते, आन त्याले लगेच घरी काम निघते. अकोल्याचा एक जण तं हातमोजे घालून तयार झालता. मी इकडून रिंगमध्ये चढलो, तो तिकडून उतरला. मले पुढे चाल, गळ्यात सोनं."

"मग बरंय की! मार न खाता सोनं."

"कायचं बरं? गावात पानठेल्यावर पोट्टे म्हणते, 'आला फुकटचा चॅम्पियन.' माय बाजारात गेली का तिलेबी इचारते, 'काकू, यंदा कोण पळालं?'"

आणि यंदा अडचण मोठी होती. गजूला धंदेवाईक व्हायचं होतं. मुंबईहून एका कंपनीचा माणूस ही स्पर्धा बघायला येणार होता आणि त्यानं साफ सांगितलं होतं की लढलेला माणूस दाखवा, पदकं दाखवू नका. म्हणजे एकाच फाटकात आम्ही दोघं उभे, मी तिकडून इकडं येणारा, हा इकडून तिकडं जाणारा.

"भाऊ, मले मारा, पाडा, काईबी करा," तो म्हणाला. "पण लढल्याबिगर जाऊ नोका."

मी छाती काढून म्हणालो, "कोल्हापूरकर पळत नाही." त्याच भरात स्टँडसमोरच्या गाडीवर तर्री-पोहे खाल्ले. गाडीवाला म्हणाला, तर्री जरा जपून. मला म्हणतो जपून! आम्ही तांबडा रस्सा वाटीनं पिणारी माणसं. तीन प्लेटा मारल्या, वर हिरव्या मिरचीचा ठेचा मागून घेतला. त्याचा निकाल पुढं येतोच.

मुकुटबनच्या अलीकडे

राहायची सोय शाळेच्या वर्गात होती, पण गजूनं ऐकलं नाही. "पाहुणा शाळेत झोपते काय?" म्हणून थेट घरी घेऊन निघाला. त्याचं गाव मुकुटबनच्या थोडं अलीकडे. एक मोटारसायकल, त्यावर दोन वजनदार गट. अर्ध्या रस्त्यात मागचं टायर बसलं. टायरचा काय दोष? आम्ही गाडी ढकलत निघालो.

पण त्यामुळं रस्ता नीट बघायला मिळाला. कापसाचा हंगाम. दोन्ही बाजूंना पांढरी वावरं, वावर म्हणजे शेत, मधूनच तुरीचे पट्टे. भरलेल्या गाड्या जाता-येता बाभळींना घासतात, त्यामुळं काट्याकाट्यावर कापूस अडकलेला. आमच्याकडं ओल्या मातीचा आणि गुळाचा वास, इथं कोरडी, उबदार हवा आणि लांबवर दिसणारं मोकळं रान. मला आवडलं बुवा. एका वावरात वेचणाऱ्या बायका आमच्याकडं बघून कोलामी बोलीत काहीतरी बोलल्या आणि कंबर धरून हसल्या.

"काय म्हणाल्या रे?"

"नोका इचारू भाऊ," गजू म्हणाला आणि गाडी जोरात ढकलू लागला.

घरी गजूची आई दारात उभी होती. बुटकी, सडपातळ बाई. हा एवढा मुलगा हिचा कसा, हे कोडं मला शेवटपर्यंत सुटलं नाही. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "पळशीन तं नाई ना बाबू?"

"नाही काकू."

"मंग बस, जेव."

जेवलो. आणि त्या रात्रीपासून तर्रीनं आपला निकाल दिला. दुसऱ्या दिवशी गावातल्या एकाच ठिकाणाचं मी वारंवार दर्शन घेतलं, त्याचं वर्णन करायची पद्धत नाही. आमच्या तांबड्याची मान खाली गेली. संध्याकाळी मी बाजेवर पडलो होतो, तर गजू आला, त्यानं मला पोत्यासारखं उचललं, जरा हलवून पाहिलं आणि खाली ठेवलं. त्याचा चेहरा उतरला.

"हलके झाले भाऊ तुमी."

मग माझ्याही लक्षात आलं. वजन ब्याण्णवच्या खाली गेलं की मला खालच्या गटात टाकणार. गजूच्या गटात गजू एकटा. पुन्हा पुढे चाल, पुन्हा फुकटचं सोनं, आणि मुंबईचा माणूस आल्या पावली परत. आई शांतपणे सगळं ऐकत होती. तिनं पदर खोचला.

"उद्यापासून हा पाहुणा माह्याकडे," ती म्हणाली.

सांगतो, जगातल्या कुठल्याही बॉक्सरच्या आईनं पोराच्या प्रतिस्पर्ध्याला इतकं तूप वाढलं नसेल. पहिल्यांदा दहीभात, मऊ खिचडी. पोट सावरल्यावर तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची भाजी, भाकरी, आणि चून, म्हणजे आपलं पिठलं. आणि लढतीच्या आदल्या दिवशी वावरात रोडगे. रोडगे म्हणजे कणकेचे जाडजूड गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. एक रोडगा पोटात गेला की माणूस जमिनीला धरून बसतो. आमच्याकडं तिसऱ्या "नको"ला वाढणारा थांबतो. इथं "नको" म्हणजे "ताटात अजून जागा आहे" असा अर्थ घेतात. निम्मं गाव मला जेवताना बघायला आलं होतं. माझा हात थांबला की कुणीतरी बाई विचारायची, "झाले का ब्याण्णव?" आणि आई म्हणायची, "होऊन राह्यले."

जेवण झाल्यावर बोरीच्या झाडाखाली आडवे झालो. गजूनं विचारलं, "भाऊ, तिथं धंद्यात कसं असते?"

मोठेपणा मिरवायची चांगली संधी होती. पण पोटात त्याच्या आईचं तूप होतं, खोटं बोलवेना. म्हटलं, "दोघांना हॉटेलात वेगवेगळ्या मजल्यावर ठेवतात. एकमेकांशी बोलायचं नाही. फक्त फोटोच्या वेळी कपाळाला कपाळ लावून डोळे वटारायचे. ज्याच्याकडून मी मार खाल्ला, त्याचं गाव कुठलं, ते मला आजही माहीत नाही."

"आन जेवण?"

"उकडलेली कोंबडी."

"बिनतिखटाची?"

"बिनमिठाची."

गजूनं पडल्यापडल्या एक बोर उचललं आणि न खाताच टाकून दिलं. मला वाटलं, फिरला गडी.

"तरी जातो भाऊ," तो म्हणाला.

"काय म्हणून?"

"तिथं मले पाहून कोणी पळणार नाई ना." त्याचा आवाज बारीक झाला. "लोकायले वाटते मजा हाय. पण आपण तयारी करून उभं राहाव, आन समोर कोणीच नाई. दरसाली. लय बेक्कार वाटते."

त्या क्षणी मी ठरवलं की ह्या माणसाशी लढायचंच, मग मला ढकलगाडीवरून रिंगमध्ये न्यावं लागलं तरी बेहत्तर.

काटा

लढतीच्या दिवशी सकाळी वजनं होती. शाळेच्या काट्यावर पोरांची वजनं सुरळीत झाली. मग गजू चढला. काटा एकदा गर्रकन फिरला आणि तिथंच राहिला, गजू उतरला तरी परत येईना. आयोजक म्हणाले, शेजारी जिनिंग आहे, तिथं कापसाचा काटा आहे, वजनदारांना तिकडं न्या.

जिनिंग म्हणजे कापसातून सरकी काढायची गिरणी. आवारात कापसाच्या गाड्यांची रांग, कापसाचे ढीग, हवेत उडणारे तंतू. काट्यावर रहीमचाचा. दिवाळीपासून सकाळ-संध्याकाळ कापूस तोलणारा माणूस. तो वजन बघणार, मोठ्यानं ओरडणार, आयोजक लिहून घेणार. गजू चढला. "एकशे नऊ!" ठीक. मग मी.

इथं एक सांगायला हवं. वाटेत गजूनं "असू द्या भाऊ, कामी पडन" म्हणून मला भलामोठा लोटाभर पाणी पाजलं होतं. त्यात त्या आवारातला उकाडा आणि माझी धाकधूक. मी घामानं निथळत होतो. काट्याच्या डब्यावर लाल आकडे थांबले, ब्याण्णव आठशे. मी हुश्श केलं. रहीमचाचानं माझ्या दंडावर बोट फिरवलं, बोटं एकमेकांवर चोळली आणि सवयीनं ओरडला:

"ओला माल! एक किलो कट! एक्याण्णव आठशे!"

आयोजकांनी लिहूनसुद्धा घेतलं.

"ओ चाचा!" माझं टाळकंच सरकलं. "मी माणूस आहे!"

"मानूस असो का कापूस, काट्यावर चढला का माल. पानी मारलं हाय काय?"

मी गजूकडं बघितलं. गजूनं पायाच्या अंगठ्याकडं बघितलं. खोटं बोलायची त्या घरात पद्धतच नव्हती बहुतेक.

"एक लोटा," तो म्हणाला.

"पाह्यलं! पानी मारलेला माल मले दुरून समजते!"

रांगेतले कास्तकार, म्हणजे शेतकरी, आमच्या बाजूनं बोलतील असं मला वाटलं. कसलं काय! त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. "आमचा माल कटते तवा कोणी बोलत नाई," एकजण म्हणाला, "कटू द्या याचाबी!" मागून टाळ्या.

एवढ्यात मुंबईच्या कंपनीचा माणूस आला. काळा चष्मा, हातात पाण्याची बाटली, नाकाला रुमाल. "लढत आहे की नाही? नसेल तर मी आत्ताच निघतो."

गजू काट्याजवळ गेला. एवढा एकशे नऊ किलोचा माणूस, पण आवाज लहान मुलासारखा निघाला.

"चाचा, पुन्हा पुढे चाल नोका देऊ ना मले."

हशा थांबला. रहीमचाचानं डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. मग म्हणाला, "बेटा, काट्यावर बोललेलं वजन मी फिरवत नाई. आज तुह्यासाठी फिरवलं, तं उद्या शेटसाठी फिरवा लागन, आन हे सारे रांगेतले मरन. पन माल वाळवून आनला, तं नव्यानं तोलाले मनाई नाई. कोनालेच नाई."

आणि अशा रीतीनं, मित्रहो, कोल्हापूरचा हा मल्ल वणीच्या जिनिंगमध्ये ताडपत्रीवर, कापसाच्या ढिगाशेजारी, फक्त चड्डीवर वाळत पडला. गजू मला दर थोड्या वेळानं उलटवत होता. "पालथे व्हा भाऊ. आता उताणे." दोन कास्तकार सुपानं वारा घालत होते. त्यात नवीनच धोका गजूच्या आईच्या लक्षात आला. वाळलं की वजन उतरणार! ती उरलेले रोडगे घेऊन आलीच होती. मग एकीकडून मला वाळवणं आणि दुसरीकडून भरणं असा दुहेरी कार्यक्रम सुरू झाला. पालथं पडून रोडगा गिळता येतो, हे ज्ञान मी या प्रवासात मिळवलं.

शेवटी रहीमचाचा कापसाचा ओलावा मोजायचं यंत्र घेऊन आला. ते त्यानं गंभीरपणे माझ्या पोटाला टेकवलं, काहीतरी पुटपुटला आणि म्हणाला, "चढा."

सगळी रांग काट्याभोवती गोळा झाली. आकडे हलले, थांबले.

"ब्याण्णव दोनशे! सुका माल!"

काय तो जल्लोष! मघाशी "कटू द्या" म्हणणाऱ्यानंच मला मिठी मारली. आणि रहीमचाचा सवयीनं मागं वळून हमालाला ओरडला, "घे, दोन नंबरच्या ढिगात टाक!"

रिंग

संध्याकाळी शाळेच्या मैदानावर दिवे लागले. पुढच्या सतरंजीवर गजूची आई, तिच्या मागं गाव, खुर्चीत कंपनीचा माणूस. घंटा झाली. गजू हात वर धरून जवळ आला आणि हळूच म्हणाला, "पोट बरं हाय ना भाऊ?"

पहिली फेरी म्हणजे नुसता तमाशा. गजू माझा एकही ठोसा लागू देईना. इतकी वर्षं सावलीशी सराव केलेला माणूस, वाऱ्यासारखा सरकायचा. पण मारेनासुद्धा! हात उचलायचा आणि मध्येच थांबायचा. "अरे मार की!" मी ओरडलो. "पाहुण्याले कसं मारू?" तो म्हणाला. पंचांनी आम्हाला गप्पा मारू नका म्हणून ताकीद दिली. कंपनीचा माणूस घड्याळ बघायला लागला.

दुसऱ्या फेरीत माझी सटकली. ह्याच्यासाठी मी उन्हात वाळलो? म्हटलं, आता दाखवतोच. डावा दाखवला, उजवा थेट त्याच्या नाकावर.

गजू जागेवर उभा. त्यानं हातमोज्यानं नाक पुसलं, त्यावरचं रक्त पाहिलं. मला भीती वाटली की हा आता रडतो का काय. तर तो हसायला लागला. अगदी पोटातून.

"लागते बे!" तो म्हणाला. "खरंच लागते!"

आणि मग त्यानं मला मारलं. त्याबद्दल फार लिहिता येणार नाही, कारण थोडा वेळ मी तिथं नव्हतो. भानावर आलो तेव्हा मी खाली बसलेलो, पंच मोजत होते आणि गजूची आई ओरडत होती, "ऊठ बाबू, ऊठ!" स्वतःच्या पोराच्या प्रतिस्पर्ध्याला! उठलो. न उठून सांगतो कुणाला.

तिसरी फेरी मात्र खरी झाली. दोघांनी एकमेकांना मनापासून धुतलं. त्यानं दिलेला प्रत्येक ठोसा नीट लागत होता आणि मला आतून गुदगुल्या होत होत्या. झुंबराखाली खेळलो तेव्हा असं कधी वाटलं नव्हतं. शेवटची घंटा झाली तेव्हा आम्ही एकमेकांना धरून उभे होतो, सोडलं असतं तर दोघंही पडलो असतो.

निकाल पाचात तीन पंचांनी माझ्या बाजूनं दिला. पंचांनी माझा हात वर करायच्या आत गजूनं मलाच उचललं.

कंपनीचा माणूस रिंगपाशी आला. "पहिली फेरी वाया घालवलीस," तो गजूला म्हणाला. "पुढच्या महिन्यात मुंबईला ये."

"हारलो तरी?"

"जिंकणारे माझ्याकडं पुष्कळ आहेत. नाकावर बसल्यावर हसणारा नव्हता."

गजू सुजलेल्या नाकानं नुसता उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मला विचाराल तर माझ्याही.

मास्तरांनी मला शिबिरात घेतलं, ते ह्या लढतीवरच. पण त्या दिवशी मला ते सुचतही नव्हतं. दुसऱ्या दिवशी गजू आणि त्याची आई मला एसटीवर सोडायला निघाले. गावातून बाहेर पडताना आईनं पानठेल्यापाशी थांबायला लावलं. हातात पेढ्यांचा पुडा. ठेल्यावरचे पोट्टे सुपारी चघळत उभेच होते. त्यातला एक म्हणाला, "काय काकू, पेढे? जिंकला वाटते गजू!"

"जिंकाले काय, जिंकते तं दरसाली," आई म्हणाली. तिनं पुडा उघडला आणि एक पेढा त्याच्या तोंडात कोंबला. "यंदा हारला! खेळून हारला माहा पोट्टा!"